उपदेश न करणारी बाई

आमच्या घराण्यात उपदेशाची टंचाई अशी कधी पडली नाही. माझ्या लहानपणी धान्य रेशनवर होते, साखर रेशनवर होती. उपदेश मात्र मुबलक. मनाचे श्लोक मला सातव्या वर्षीच पाठ होते. दुसऱ्यांप्रमाणे स्वतःच्या मनालाही उपदेश करायचा असतो, हे मी बाराखडीबरोबरच शिकलो म्हणा ना! त्यामुळे वयाच्या 62 व्या वर्षी माझ्या मुलीने मला 'समुपदेशना'ला जायला सांगितले, तेव्हा मला वाटले, नुसत्या उपदेशाने भागेना म्हणून आता 'सम्' हा उपसर्ग लावून त्याला धार काढलेली दिसते!

प्रकरण असे घडले. मी डोंबिवलीचा. डोंबिवली ते दादर असा लोकलने 34 वर्षे नोकरीला जाऊन आलो. चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीने बसून पेपर वाचला, दारात लोंबकळून पावसाळे काढले. 2018 साली सेवानिवृत्त झालो. पुढे 2022 च्या ऑगस्टमध्ये पेन्शनच्या कामासाठी एका दुपारी निघालो होतो. गर्दी नव्हती. चक्क खिडकी मिळाली होती. मुंब्रा सोडल्यावर गाडी नेहमीप्रमाणे विनाकारण थांबली आणि एकाएकी माझी छाती धडधडू लागली. बोटांना मुंग्या आल्या, घशाला कोरड पडली, श्वास पुरेनासा झाला. 'संपले! आपला ग्रंथ आटोपला!' एवढेच मनात येत राहिले. ठाण्याला चार भल्या माणसांनी मला उतरवून इस्पितळात नेले. तिथे हृदयाचा आलेख काढला. तो इतका नीटनेटका निघाला, की डॉक्टरांनी माझे अभिनंदनच केले.

पण मला काही आनंद झाला नाही. हृदय ठीक, तर मग झाले ते काय?

त्या दिवसापासून माझे जग आकसू लागले. आधी लोकल सुटली, मग बस, मग बँकेतली रांग. खिशात खडीसाखर, हातात पाण्याची बाटली आणि शेजारी सौभाग्यवती, या तिन्ही वस्तू असल्याशिवाय मी जिना उतरेनासा झालो. शेजारचे नाना म्हणाले, ''मन रमवा.'' मेव्हण्यांनी प्राणायाम सांगितला. एक जुने सहकारी म्हणाले, ''अहो, सुख टोचतंय तुम्हाला!'' सगळ्यांचेच बरोबर असावे. पण मला जिना काही उतरवेना.

डिसेंबरमध्ये पुण्याला नातवाचे बारसे झाले. पहिला नातू! मी गुडघ्याचे कारण सांगून घरी राहिलो. सौ. सकाळच्या गाडीने गेली आणि मी एकटा आहे म्हणून पाळण्याची दोरी सुटते न सुटते तोच रात्री परत आली. मुलीने फोनवर एवढेच म्हटले, ''बाबा, तुमचा गुडघा दुखत नाहीये, हे मला माहीत आहे.'' पुढच्या महिन्यात तिने माझी वेळ ठरवून टाकली.

दाताच्या दवाखान्यावरची एक लहानशी खोली. दोन खुर्च्या, एक घड्याळ, कागदी रुमालांचा एक डबा. कोचावर आडवे करून माझे बालपण उकरतील अशी माझी समजूत होती, कोच नव्हताच. समोरची बाई माझ्या मुलीच्या वयाची. तिने मला 'काका' म्हणून बसवले आणि आधी सांगितले, की इथले बोलणे इथेच राहील. कुणाच्या जिवाला धोका असेल, तर मात्र ते बाहेर सांगावे लागते. मग तिने इस्पितळाचे कागद नीट वाचले आणि मला एकदा मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. औषध लागेल की नाही हे ठरवणे त्यांचे काम, तिचे नव्हे. माझ्या बाबतीत तूर्त नको असे ठरले. पण बाहेरच्या बाकावर भेटणारे एक गृहस्थ दोन्ही घेत होते, आणि गोळ्यांनी झोप लागू लागली तेव्हाच मला बोलायला सुचले, असे ते सांगत. तेही खरेच.

पहिले दोन आठवडे ती फक्त ऐकत होती. पैसे आपण द्यायचे आणि बोलायचेही आपणच, हा व्यवहार माझ्यातल्या हिशेबनिसाला पटेना. तिसऱ्या खेपेला तिने कागदावर एक वर्तुळ काढले. गाडी थांबते, छाती धडधडते, 'मी मरतोय' असा विचार येतो, त्या विचाराने धडधड आणखी वाढते, आपण उतरून पळतो आणि सुटल्यासारखे वाटते.

''घोटाळा त्या सुटकेतच आहे, काका,'' ती म्हणाली. ''पळालो म्हणून वाचलो, असं मन शिकतं. पुढच्या वेळी ते आणखी लवकर पळा म्हणतं.''

भीतीने आपण भराभर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मुंग्या, गरगरणे हे सारे त्यातूनच येते, हे मला पहिल्यांदा कळले. ही लाट बहुधा 10 मिनिटांच्या आत शिगेला पोचते आणि काही न करताही ओसरते. मी मात्र दर वेळी ती ओसरायच्या आतच पळ काढत होतो!

तिने एक वही घालायला सांगितली. कुठे होतो, मनात काय आले, त्याला पुरावा काय, विरुद्ध पुरावा काय. माझा जन्म लेखा विभागात गेलेला. वही म्हटल्यावर मला हुरूप आला. 'हार्ट अटॅक येणार' ही नोंद मी कित्येक महिने खर्ची टाकत आलो होतो, पण व्हाउचर एकही नव्हते! अशी बिनपुराव्याची रक्कम कुणी कारकुनाने आणली असती, तर मी ती सरळ उचंत खात्यात ढकलली असती. मग मनाच्याच वहीवर मी डोळे मिटून सही का करत होतो?

या पद्धतीचे जनक म्हणून जी नावे घेतात, त्यांत अमेरिकेतले अ‍ॅरन बेक आणि अल्बर्ट एलिस ही दोन प्रमुख. एलिसचा किस्सा बाईंनीच सांगितला. हा गृहस्थ तरुणपणी मुलींशी बोलायला भयंकर घाबरत असे. 19 व्या वर्षी त्याने न्यूयॉर्कच्या एका वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जायचे आणि बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली, की शेजारी बसून बोलायचे, असा नेम केला. सुमारे 100 जणींशी बोलला. भेटायचे कबूल केले ते एकीने, आणि तीही आली नाही! पण भीती गेली. पुढे 1955 मध्ये त्याने आपली विचारांवर आधारलेली उपचारपद्धती मांडली. आपल्याकडे मुंबईच्या कि. मो. फडके यांनी त्याच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून तिचा प्रसार केला.

माझ्या वाट्याला वनस्पती उद्यान नव्हते, डोंबिवली स्टेशन होते. आम्ही दोघांनी मिळून एक शिडी आखली. पहिली पायरी, एकट्याने फलाटावर 15 मिनिटे बसणे. मग कोपरपर्यंत जाऊन परत. मग दिवा. मग बाटलीशिवाय. मग ठाणे. सर्वांत वर दादर. कोपर जमले. दिव्याला जाताना मात्र लाट आली. मी उतरलो, रिक्षाने घरी आलो आणि बाईंना सांगितले, की जमले!

शाळा सुटून 45 वर्षे झालेल्या माणसाने गृहपाठाबद्दल थाप मारावी! पुढच्या आठवड्यात मीच कबुली दिली. ती रागावली नाही. म्हणाली, ''खरं सांगायला कशाची भीती वाटली?''

''तुम्ही मला भित्रा म्हणाल याची.''

''तुम्ही कधी कुणाला भित्रा म्हटलंय, काका?''

मी 'नाही' म्हणणार होतो. पण घशात काहीतरी अडकले. अप्पाकाका आठवले.

अप्पाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. साताऱ्याजवळच्या आमच्या गावी वाड्यातच राहिले. उत्तम हिशेब, सुरेख अक्षर. पण ते एस.टी.त म्हणून चढत नसत. त्यांचा एकही फोटो आमच्याकडे नाही, कारण फोटोला साताऱ्याला जावे लागे. घरात सगळे त्यांना 'भागूबाई' म्हणत. 1969 साली आजी पुण्याला इस्पितळात अत्यवस्थ होती. अप्पाकाका पिशवी घेऊन तीनदा एस.टी.च्या थांब्यावर गेले आणि तीनदा परत आले. ''पोटात कसंसंच होतंय रे,'' एवढेच म्हणाले. आजी गेली. आईचे तोंड त्यांना दिसले नाही.

त्यानंतरच्या दिवाळीत, फराळाच्या वेळी, नऊ वर्षांच्या मी अंगणात त्यांची नक्कल केली. काखेत पिशवी मारून चार पावले पुढे, मग पोट धरून चार पावले मागे. सगळे पोट धरधरून हसले. मला दोन करंज्या जास्त मिळाल्या. अप्पाकाका ओसरीवर उभे होते. त्यांनी पाहिले आणि ते आत गेले. 1991 साली वारले, तोवर त्या गोष्टीचा उच्चार आमच्यात कधी झाला नाही.

हे मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितले. कागदी रुमालांचा तो डबा कशासाठी ठेवलेला असतो, हे मला तेव्हा समजले.

बऱ्याच वेळाने बाईंनी विचारले, ''आज अप्पाकाका या खुर्चीत बसले असते, तर त्यांना काय म्हणाला असतात?''

मी म्हणालो, ''म्हणालो असतो, काका, चला, मी येतो. एकाच थांब्यापर्यंत जाऊ. नाही जमलं तर परत येऊ. उद्या पुन्हा बघू.''

ती काही बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती. गेले वर्षभर स्वतःला मी सगळे काही म्हटले होते, तेवढे हे सोडून. हा उपदेश तिने केला असता, तर मी तो नानांच्या उपदेशाशेजारी ठेवून दिला असता. तो माझ्याच तोंडून निघाला म्हणून मला टाळता येईना.

एकदा तिने सौ.लाही बोलावले. तेव्हा कळले, की माझ्यापायी हिचे भजनी मंडळ सुटले होते आणि ही नाशिकच्या बहिणीकडे वर्षभरात गेली नव्हती. ''मला कधी बोलली नाहीस?'' मी विचारले. ''तुम्हाला आणखी त्रास कशाला, अहो!'' ती म्हणाली. माझी भीती दोघांनी मिळून पोसली होती.

सहा महिन्यांत 14 बैठका झाल्या. नोव्हेंबर 2023 मध्ये नातवाचा पहिला वाढदिवस होता. सौ. मदतीला चार दिवस आधी गेली. मी मागाहून कल्याणला गाडीत बसलो, एकटा. कर्जतला वडा खाल्ला. पुढे घाटातल्या एका बोगद्यात छाती धडधडू लागली. मी मनात म्हटले, 'चला, काका.' घड्याळाकडे पाहत बसलो. लाट आली, चढली, ओसरली. बोगदाही संपला. लोणावळ्याला मी चहा घेतला.

बरा झालो का? भीती अजून येते, पण आता ती पाहुण्यासारखी येऊन जाते, बिऱ्हाड करत नाही. सगळ्यांनाच पहिल्या दाराशी योग्य माणूस भेटतो असेही नाही. बाकावरच्या त्या गृहस्थांना आधीच्या ठिकाणी नुसते व्याख्यान मिळाले होते. शिक्षण काय, अनुभव कोणता, हे विचारून घ्यावे. चांगली माणसे त्याचा राग मानत नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत पाहणी केली. तीत दर 10 प्रौढांमागे सुमारे एकाला मनाचा काही ना काही विकार आढळला, आणि त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. म्हणजे प्रत्येक वाड्यात एखादे अप्पाकाका असणारच! ज्यांना खोलीपर्यंत जाणे जमत नाही, त्यांच्यासाठी ऑक्टोबर 2022 पासून सरकारची 'टेली-मानस' ही फोनसेवा आहे. 14416 हा क्रमांक, दिवसरात्र चालू आणि विनामूल्य. अप्पाकाकांच्या काळात थांब्यावरून परत येणाऱ्याला कुठे फोन करता आला असता!

2024 च्या दिवाळीत मुलगी बाळाला घेऊन आमच्याकडे आली होती. खाली मुलांनी भुईनळा लावला. त्या आवाजाने पोरटे घाबरून माझ्या पायांना बिलगले. जमलेल्यांपैकी कुणीतरी हसून म्हणाले, ''अगदीच भागूबाई की हो तुमचा नातू!''

मी काही बोललो नाही. फक्त त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि बोट पुढे केले. तीन भुईनळे आम्ही तिथूनच पाहिले. चौथ्या वेळी त्याने आपणहून एक पाऊल पुढे टाकले.