माडीचा लोटा

आमच्या खारेपाटणच्या घरात सव्वीस वर्षे मद्याचा थेंब आला नव्हता. नाताळात मनुकांची घरगुती वाइनदेखील होत नसे. धाकट्या भावाला आम्ही गावठी दारूपायी गमावले, तेव्हापासून आम्ही उभयतांनी हा नियम घालून घेतला होता. वयाच्या अडतिसाव्या वर्षी तो गेला आणि हळूहळू त्याचे नाव घेणेही घरात बंद झाले. म्हणूनच डर्बी येथे परिचारिका असलेल्या आमच्या मुलीने, “तुमचे जावई घरी बिअर करणाऱ्यांच्या मंडळात जाऊ लागलेत,” असे फोनवर हसत सांगितले, तेव्हा आम्हांला हसू आले नाही.

नातवाच्या बाप्तिस्म्यासाठी आम्ही इंग्लंडला गेलो आणि सहा महिने राहिलो. आनंदाचे निमित्त होतेच. पण जावयांवर नजर ठेवावी, हा हेतूही मनात होता.

जावई मूळचे वसईचे, स्वभावाने मोकळे. पहिल्याच महिन्यात ते आम्हां दोघांना मंडळाच्या बैठकीला घेऊन गेले. तिथे गोंगाट असेल, झिंगलेली माणसे असतील, अशी आमची कल्पना. प्रत्यक्षात परीक्षेच्या वर्गासारखी शांतता होती. प्रत्येकासमोर औषधाच्या मापाएवढा पेला आणि एक कागद. रंग, वास, फेस, चव यांना गुण द्यायचे, दोष लिहायचे आणि उरलेले बादलीत ओतायचे. गाडी चालवणारे तर नुसता वास घेऊन मत देत. ज्यांच्या बिअरवर टीका झाली, ते वही काढून ती उतरून घेत.

त्या देशात घरी बिअर करायला 1880 पासून परवाना लागे. तो 1963 साली रद्द झाला. आता स्वतःपुरती खुशाल करावी. विकता मात्र येत नाही. डर्बीजवळच बर्टन हे गाव आहे. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्समचा अंश अधिक, म्हणून फिकट रंगाच्या कडसर बिअरला ते फार मानवते. एकोणिसाव्या शतकात तिथली पिंपे समुद्रमार्गे हिंदुस्थानात येत. ‘इंडिया पेल एल’ हे नाव त्यातूनच रूढ झाले. त्या गावात बेनेडिक्टाईन मठ स्थापन झाला तो अकराव्या शतकाच्या आरंभी. आमच्या खारेपाटणात सापडलेला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट शके 930 चा, म्हणजे इ. स. 1008 चा. विजयदुर्गच्या खाडीच्या वरच्या टोकाला आमचे बंदर गजबजलेले असताना तिकडे मठवासी आपले काम मांडत होते, या विचाराने ते परके गाव थोडे ओळखीचे वाटले. संत बेनेडिक्टांनी आपल्या नियमावलीच्या चाळिसाव्या प्रकरणात मठवासींना द्राक्षारसाचे रोजचे माप ठरवून दिले आहे. बंदी घातली नाही, मोकळीकही दिली नाही, माप दिले. हे आम्ही पूर्वी वाचले होते, अर्थ मात्र तिथे लागला.

पुढे आम्हीही कामाला लागलो. मोड आणून वाळवलेले जव भरडायचे, सुमारे 66 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर भिजत ठेवायचे, म्हणजे पिठाची साखर होते. तो गोड रस गाळून हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर तासभर उकळायचा, झटपट निववायचा आणि 20 अंशांच्या आसपास यीस्ट घालून झाकून ठेवायचा. जव काळपट भाजले तर कॉफीच्या चवीची स्टाउट होते. जवात गहू मिसळून बव्हेरियातले यीस्ट वापरले, तर केळे किंवा लवंग न घालताही त्यांचा वास येतो. लागरला दहा अंशांची थंडी आणि कित्येक आठवड्यांचा धीर लागतो. मुगाला मोड आणण्यात जन्म गेलेल्या आमच्या सौभाग्यवतींना यातले काहीच अवघड वाटले नाही.

अवघड वाटली ती स्वच्छता. एकदा आम्ही धुतलेला पण निर्जंतुक न केलेला डाव पिंपात फिरवला. पंधरा दिवसांनी झाकण उघडले, तर आंबट भपकारा! तेवीस लिटर रस मोरीत गेला. जावई रागावले नाहीत. त्यांनी वहीत तारीख घालून लिहिले : ‘पप्पांचा डाव.’ पुढच्या बैठकीत ते सर्वांना वाचूनही दाखवले.

शेवटच्या महिन्यात आम्ही गव्हाच्या बिअरमध्ये गावाहून नेलेली आमसुले घातली. कोकमाचा तो गुलाबी रंग पाहून मंडळी चकित झाली. गुण बेताचेच मिळाले. आंबटपणा अधिक झाला, असा शेरा होता, आणि तो खरा होता.

त्या रात्री आम्ही जावयांना सरळच विचारले, “हे वाढत तर जाणार नाही ना?” त्यांनी वही आमच्यापुढे ठेवली. मागच्या पानांवर प्रत्येक बाटलीचा हिशेब होता : केव्हा उघडली, कोणाबरोबर, कोणाला दिली. ते म्हणाले, “पप्पा, काकांबद्दल मला ठाऊक आहे. लग्नाआधीच हिने सांगितलं होतं. तुम्ही कधी बोलला नाहीत, म्हणून मीही विचारलं नाही.”

आमच्या डोळ्यांपुढे लहानपणची सकाळ उभी राहिली. आई सान्नांच्या पिठासाठी भंडाऱ्याकडून ताजी माडी आणायला पाठवी. लोटा धरायला आम्ही, आणि सांडू नये म्हणून पुढे वाट दाखवायला धाकटा. त्याच आंबवणाने सान्ना फुलत. तो पुढे वाया गेला तो आंबवणामुळे, असे म्हणून आम्ही दार लावून घेतले होते. खरे तर तो एकटा पीत होता, लपवून पीत होता, आणि आम्ही अब्रूपायी न पाहिल्यासारखे करत होतो. एखाद्या वहीने तो वाचला असता, असे नाही. व्यसन जडलेल्याला पहिला पेलाच घातक असतो, त्याला माप नसते. पण आम्ही वेळीच बोललो असतो, तर त्याला उपचारासाठी कोणी हाताला धरून नेले असते. तेवढेही आम्ही केले नाही.

परत आल्यावर आम्ही बिअर केली नाही. आपल्या राज्यात 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्यावाचून घरी मद्य करता येत नाही, आणि त्याची आम्हांला हौसही उरली नव्हती. मात्र 2 नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, धाकट्याच्या नावे मिस्सा सांगितली. घरी सान्ना केल्या, यीस्ट पुडीतले. पुतण्यांना बोलावले आणि त्यांच्या बापाबद्दल प्रथमच सारे सांगितले. त्याचे गोड गाणे, त्याचा लोभस स्वभाव आणि त्याची दारू, आमच्या मौनासकट. थोरला पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, पुढच्या वर्षी मीच तुम्हांला न्यायला येईन. अजून खूप विचारायचं आहे.”