खाडीत उभी असताना

बोट विकणारा माणूस तुम्हाला आधी वेग दाखवतो. हँडल पुढे ढकलतो, नाळ वर उचलली जाते, तोंडावर पाणी उडतं, आणि ‘बघा, कशी पळते!’ हे वाक्य येतंच. देवबागच्या आमच्या घरगुती निवासासाठी जुनी बोट शोधत होतो, तेव्हा हे वाक्य कर्ली खाडीच्या दोन्ही काठांवर ऐकलं. पाहुण्यांना संगमापर्यंत फिरवून आणायचं, डॉल्फिन दाखवायचे, एवढंच काम. नव्या बोटीचं कर्ज झेपणारं नव्हतं.

मे महिना जुनी बोट घ्यायला बरा. पावसाळ्यात पर्यटनाच्या बोटी बंद, बोट वर ओढायची, झापांनी शाकारायची, इंजिन उतरवून घरात ठेवायचं. हा सगळा व्याप टाळायचा असेल तर मालक किमतीला नरम येतो. भोगव्याच्या बाजूला अशीच एक बावीस फुटी फायबरची बोट विकायला होती. तिच्यावर साठ एचपीचं, तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन. मालकाने सकाळी आठला बोलावलं होतं. माझे मामा जुने तांडेल. ते म्हणाले, सकाळी मतलईत खाडी सपाट असते, तेव्हा परातसुद्धा सरळ चालेल. खारे वारे सुटल्यावर जाऊ. म्हणून दुपारची वेळ ठरवली, आणि प्रत्यक्षात तासभर आधीच जाऊन उभे राहिलो. मामांनी बोटीवर चढताच इंजिनाच्या टोपीवर तळहात ठेवला. थंड होती. गिऱ्हाईक येण्यापूर्वी इंजिन गरम करून ठेवलं, की सुरू व्हायला किती कुरकुर करतं ते कधीच कळत नाही.

सोबत मालवणचा एक मिस्त्री होता. त्याने सुरू करण्याआधीच खालच्या गिअरपेटीचा तळाचा स्क्रू सैल केला आणि बोटावर चार थेंब घेतले. बोट उभी असताना पाणी तेलाखाली बसतं, त्यामुळे आत शिरलं असेल तर तेच आधी बाहेर येतं. एकदा फेरी मारून आलात की दोन्ही घुसळून तेल दुधाच्या चहासारखं होतं. तेव्हाही कळतंच म्हणा, पण आधी पाहिलं की मालकाशी बोलायला जोर येतो. तेल स्वच्छ होतं. मग त्याने पंख्याच्या मधल्या भागावर, आतल्या आणि बाहेरच्या कड्याला जोडणारी एक सरळ रेघ पेनाने मारली. मालक हसला. पंख्याच्या पोटात रबराचं बुश असतं. ते सैल झालं की इंजिन गरगरतं आणि बोट जागची हलत नाही. परत आल्यावर रेघ तुटलेली दिसली, तर बुश सरकलं.

पेट्रोलच्या फिल्टरमधून थोडं काचेच्या बाटलीत काढून घेतलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते दमट हवेतला ओलावा धरून ठेवतं. पाणी फार झालं की ते वेगळं होऊन तळाशी बसतं. बाटलीत तशी रेषा दिसली नाही.

चावी फिरवल्यावर तिसऱ्या घरघरीला इंजिन सुरू झालं. मी मालकाकडे पाहत होतो, मामा मात्र मागे वाकून पाण्याची धार बघत होते. इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरून एका बारीक छिद्रातून बाहेर पडतं. धार लगेच सुरू व्हायला हवी, सलग हवी, आणि हात धरला तर कोमट लागावी, चटका बसू नये. आमच्याकडे वाळूच्या दांड्यांवरून बोटी जातात, वाळू आत ओढली जाते, पंपाचं रबरी चक्र झिजतं. धार लुळी पडलेलं इंजिन वेगात छान पळून दाखवेल आणि घरी आणल्यावर जाम होईल.

त्यानंतर मामांनी जे करायला लावलं ते मालकाला अजिबात आवडलं नाही. बोट जेटीच्या खांबाला दोराने बांधली आणि इंजिन पुढच्या गिअरमध्ये टाकून थोडं वाढवलं. आम्ही दोघं मागच्या फळीकडे, ट्रान्समकडे, बघत बसलो. सगळं इंजिन याच फळीला टांगलेलं असतं आणि सगळा रेटा तीच सोसते. वर फायबर, आत प्लायवूड. बोल्टच्या भोकातून पाणी मुरलं की आतलं लाकूड कुजतं आणि वरून रंग मात्र नवाकोरा दिसतो. इथे फळी मला स्थिर वाटली. मामा काही बोलले नाहीत. तिथेच मिस्त्रीने मंद चालीत सुरक्षेची लाल दोरी उपटली, इंजिन तत्काळ बंद पडलं. ही दोरी अनेक बोटींवर शोभेला लटकत असते.

फिरायला निघताना मामांनी काठावरची सहा पोरं हाका मारून बोलावली, लाइफ जॅकेट घालून बसवली. दोन माणसांत कुठलीही बोट पाण्यावर तरंगून धावायला लागते, पाहुणे काही दोन नसतात. संगमाजवळ ओहोटीचं पाणी आणि समोरचा वारा भिडून लाटा उभ्या होत्या, तिथे बोट नेली. भरल्या वजनानेही नाळ लवकर खाली बसली. मिस्त्रीने प्लगच्या वायरीला छोटं मीटर लावलं होतं, पूर्ण वेगाला पाच हजारांच्या आसपास फेरे दिसले. कंपनीच्या पुस्तकात साडेचार ते साडेपाच हजार लिहिलेले. याहून फार कमी असते तर इंजिन दमलेलं किंवा पंखा चुकीचा, जास्त असते तर बुशाचा संशय. चाक दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवलं. डावीकडे जरा जड होतं, केबल गंजायला लागली असावी. मग रिव्हर्स. जेटीला लावताना खरी परीक्षा तिथेच होते, आणि मालक रिव्हर्स आपणहून कधी दाखवत नाही.

‘पळताना सगळ्योच होड्यो बऱ्यो दिसतत,’ मामा परतताना म्हणाले, ‘उभी ऱ्हवली काय कळता.’

जेटीला लागल्यावर मालकाला वाटलं, झालं. आमचं निम्मं काम तेव्हा सुरू झालं. रेघ सरळच होती. मिस्त्रीने गरम इंजिनाचे प्लग काढून तिन्ही सिलिंडरचा दाब मोजला: १२०, १२५, १२०. आकडा किती यापेक्षा तिघांत फरक किती हे महत्त्वाचं; दहा टक्क्यांवर गेला तर इंजिन सोडावं. मामांनी तळाच्या फळ्या उचलल्या. जाताना तळ कोरडा होता, आता बोटभर पाणी. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. पावसाचं किंवा धुतलेलं असतं तर गोडं लागलं असतं. मग पेचकसाच्या मुठीने ते ट्रान्समवर ठोकत गेले. वरच्या भागात आवाज टणटणीत, बोल्टांखाली भदभद. मालकाच्या परवानगीने तिथला एक लहान स्क्रू काढला. भोकातून तपकिरी पाणी ओघळलं.

म्हणजे इंजिन उत्तम आणि बोट आतून कुजलेली. मालकाला हे माहीत होतं की नाही, यावर मिस्त्रीने आणि मी वाटेत वाद घातला. मला वाटतं, नसावं. रंग त्याच्याही आधीच्या मालकाने दिलेला होता. ट्रान्सम नवा करायचा तर इंजिन उतरवून फायबर कापावं लागतं, सगळं ओलं लाकूड खरवडून काढावं लागतं, आणि पावसाच्या तोंडावर फायबर सुकत नाही. मामांनी सरळ विचारलं, नुसतं इंजिन देणार का? मालकाने नकारार्थी मान हलवली. मग आठवडा गेला, आभाळ भरून यायला लागलं आणि त्याचाच फोन आला.

इंजिनावर कोरलेला नंबर, त्याच्याकडचं खरेदीचं बिल आणि बोटीच्या नोंदणीपत्रातला नंबर तिन्ही जुळवून घेतले, विक्रीचा कागद केला, आणि चौघांनी मिळून इंजिन टेम्पोत उभं बांधलं. आडवं टाकलं तर उरलेलं खारं पाणी सिलिंडरकडे जाऊ शकतं. त्याच्यासाठी बोट मात्र अजून बघतोय. सप्टेंबरच्या आत मिळाली तर बरं. मागच्या रविवारी निवतीला एक पाहिली, मालकाने लगेच चावी काढली. मी म्हटलं, चावी राहू द्या, आधी फळ्या उचला.