घोडे गेले, पागा उरल्या

इंग्लंडात खेडोपाडी उमरावांच्या हवेल्या आहेत आणि हवेलीजवळ तिची पागा. काही पागा हवेलीइतक्याच दिमाखदार. डर्बीशायरमध्ये चॅट्सवर्थला जेम्स पेनने १७६० च्या सुमारास बांधलेल्या पागेत ८० घोड्यांची सोय होती; आता तिथे उपाहारगृह आणि दुकाने आहेत. इतर अनेक पागांचे फ्लॅट झाले, अजून होत आहेत. चौक, कमान, घड्याळाचा मनोरा, वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा हे सगळे राहते. जाते ते आतले. त्याची ही नोंद.

ठाणांमधली, म्हणजे एकेक घोडा बांधायच्या जागांमधली, आडभिंत. खाली जाड फळ्या, वर ओतीव लोखंडाची जाळी, टोकाला खांब आणि खांबावर गोळा. शेजारचा घोडा दिसावा, पण त्याला चावता येऊ नये, म्हणून जाळी. ठाणाची रुंदी जेमतेम सहा फूट. त्यात झोपायची खोली होत नाही, त्यामुळे पहिला घाव हिच्यावर.

दोराचा लाकडी लोढणा. गव्हाणीच्या कडीतून दोर ओवायचा आणि त्याच्या टोकाला हा बांधायचा. घोडा मागे सरला की लोढणा वर चढतो, पुढे आला की खाली उतरतो. दोर सैल पडत नाही, त्यात पाय अडकत नाही आणि घोड्याला निजताही येते. आपल्याकडच्या अगाडी-पिछाडीच्या दोरांपेक्षा ही युक्ती घोड्याला सुखाची, हे मानायला हवे. लोढणा कडीसकट जातो. राहिलाच तर कुणीतरी तो कागद दाबायला टेबलावर ठेवतो.

फरशी. स्टॅफर्डशायरची निळसर काळी वीट, भाजून दगडासारखी झालेली, वर खाचा पाडलेल्या. खाचांमुळे खूर घसरत नाही, मूत नालीकडे वाहून जाते. जमिनीला उतारही बेताचाच. पण तेवढ्यानेसुद्धा जेवणाचे टेबल डुगडुगते. मग विटा उखडतात किंवा त्यांच्यावर सपाट जमीन घालतात.

गवताचा माळा. माळ्याच्या भोकातून गवत थेट खाली घोड्यापुढच्या जाळीत टाकत. कुसळे आणि धूळ घोड्याच्या डोळ्यांत, खालची उग्र वाफ वरच्या गवतात. एकोणिसाव्या शतकातल्या जाणकारांनी या पद्धतीला बरीच नावे ठेवली. कित्येक ठिकाणी मोतद्दाराच्या हाताखालची पोरे याच वासात, माळ्याशेजारी निजत. आज तिरप्या छपराची तीच जागा जाहिरातीत भाव खाऊन जाते.

साजघर. चामडे बुरसू नये म्हणून इथे शेगडी असे. खुंट्या, खोगिरांच्या घोड्या, लगामांची काचेची कपाटे. आता बहुधा स्वयंपाकघर.

बग्गीखान्याचे दुपाखी दरवाजे: त्यांच्या जागी उंच काच.

घड्याळ. साऱ्या इस्टेटीचे काम याच्या टोल्यांवर चाले. रहिवाशांची झोप मोडते, म्हणून रात्रीचे टोले बंद करतात.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्धासाठी लष्कराने काही दिवसांत लाखाहून अधिक घोडे ताब्यात घेतले. पाठोपाठ मोटारी आल्या. पुढे हवेल्याच पाडल्या जाऊ लागल्या. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने त्या पाडापाडीवर प्रदर्शन भरवले. नॉरफोकचा गन्टन हॉल १८८२ च्या आगीत बराचसा जळाला होता. किट मार्टिन यांनी १९८० च्या सुमारास तो घेतला आणि हवेलीसह आवारातल्या इमारतींची वेगवेगळी राहती घरे केली. तसे झाले नसते तर तिथे आज पडक्या भिंती उरल्या असत्या. म्हणून फ्लॅटना माझा विरोध नाही. छप्पर गळत नाही, हे फार मोठे काम आहे.

संरक्षित यादीतल्या इमारतीचा आतला भागही इंग्लंडात कायद्याने संरक्षित असतो, बदलाला परवानगी लागते. ती देणाऱ्यांनी एवढी अट घालावी: दर पागेत एक ठाण, गव्हाण आणि फरशीसकट, होते तसे राहू द्या. रहिवाशांना सायकली ठेवायला जागा लागतेच.