घाटातला दम

सांगली-मिरज भागात पळणाऱ्याला चढ असा मिळतच नाही. सगळा कृष्णाकाठ सपाट, उंची म्हणून एखादा रेल्वेचा उड्डाणपूल तेवढा. आणि मी नाव नोंदवलं होतं सातारा हिल हाफ मॅरेथॉनला! एकवीस किलोमीटर. समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढत कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच वाटेनं खाली उतरायचं.

आमच्या ग्रुपमध्ये पीटी शिकवून निवृत्त झालेले एक सर आहेत. ते म्हणाले, "घाट काय सांगलीत आणता येत नाही. पण घाटात लागतो तसला दम इथं लावून घेता येतोय."

त्यासाठी बहुतेक दिवस हरिपूर रस्त्यावर अगदी सावकाश पळायचं. किती सावकाश? शेजारच्याशी सलग बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटलं की सर ओरडायचे, "एवढी काय गडबड हाय? कमी कर!" अशा संथ पळण्यानं स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, पेशींतली ऊर्जाकेंद्रं वाढतात, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त फेकू लागतं. शिवाय दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा तयार असतात. दमश्वासाच्या खेळांतले अव्वल खेळाडू सुमारे ८० टक्के सत्रं हलक्या जोरानं करतात, असं स्टीफन सायलर या संशोधकानं दाखवलं आहे.

पण नुसत्या संथपणावर घाट चढत नाही. म्हणून मंगळवारी मैदान. चार मिनिटं इतक्या जोरात, की दोन शब्दांच्या पुढं बोलणं जाऊ नये. मग तीन मिनिटं हळू. असं चार वेळा. नॉर्वेत झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकूण काम सारखंच ठेवूनही, अशी चार-चार मिनिटं पळणाऱ्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता आठ आठवड्यांत सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. सावकाश पळणाऱ्या गटात तशी वाढ दिसली नाही. चौथ्या फेरीचं शेवटचं मिनिट मला आजही नकोसं वाटतं, पण घाटानं नेमकं तेच मागितलं.

शर्यतीच्या दिवशी यवतेश्वरच्या वळणांवर धुकं होतं, रस्ता ओला. घड्याळातला वेग तिथं निरुपयोगी, कारण सपाटीवरचा आकडा चढाला लागू होत नाही. मी श्वास मोजत होतो. तीन पावलांना एक श्वास चालला होता, तो दोनावर आला की पावलं आखूड करायची. माथ्यावर पोचलो तेव्हा पाय माझ्या ताब्यात होते. उतारावर मात्र मांड्या भरून आल्या. तो मार सोसायचा सराव सपाटीवर होत नाही.

याच सातारा जिल्ह्यातल्या, माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर. मुंबई मॅरेथॉन गाजवून ती ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ला रिओत अंतिम फेरीत दहावी आली. लांब पल्ल्याचा पाया आणि वरचा जोर, दोन्ही लागणारी ती शर्यत.

आमच्या मैदानावर पोलीस भरतीची पोरं रोज १६०० मीटर जीव तोडून पळतात. नडगी धरून बसलेलं त्यांच्यातलं कुणी दिसलं की मला राहवत नाही. परवा एकानं विचारलं, "काका, भरतीत जोरच लावायचाय, मग सावकाश कशाला पळू?"

"जोर मंगळवारी लाव," म्हटलं. "आज माझ्याबरोबर चल, आणि गावाकडचं काय काय ते सांगत चल."