मागाभोवतीची घरे : पांढुर्णा-सौंसरची एक फेरी

पांढुर्णा हे नाव महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळींच्या कानावर आलेले असते ते बहुधा दोन कारणांनी. एक म्हणजे तेथील संत्री, आणि दुसरे गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात आणि पांढुर्णा व सावरगाव ह्या दोन काठांवरचे लोक त्यासाठी एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. ह्या एका दिवसाची बातमी दूरवर पोहोचते. बाकीच्या दिवसांत ही माणसे काय करतात ह्याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. आम्ही तेथे गेलो ते त्या उरलेल्या दिवसांसाठी. ह्या मुलखात हातमाग अजून चालतात असे ऐकले होते, आणि जेथे माग घरातच असतो तेथे घर कसे चालते हे पाहण्याची उत्सुकता होती.

इटारसीकडून नागपूरकडे जाणारी गाडी सातपुड्याचे घाट उतरून सपाटीला लागली की पांढुर्णा येते. स्थानकावरील पाट्या हिंदी, परंतु फलाटावरील बोलणे मराठी, तेही नागपुरी वळणाचे. ह्यात नवल काही नाही. हा सारा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला आणि पुढे मध्यप्रांत-वऱ्हाडातला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. १९६० साली महाराष्ट्र झाला तो ह्या सीमेच्या पलीकडे. आता २०२३ पासून पांढुर्णा आणि सौंसर ह्या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आहे. शाळा हिंदीतून, कचेरी हिंदीतून, पण पोळा, महालक्ष्म्या आणि चैत्रातले हळदीकुंकू मात्र थेट आपल्या घरचे. बडोद्याच्या किंवा हैदराबादच्या मराठी घरात जी कसरत चालते तीच येथेही चालते. फरक एवढाच, की येथील लोक कोठून आलेले नाहीत. ते होते तेथेच आहेत.

पांढुर्ण्याहून सौंसरला जाताना दोन्ही बाजूंना काळी जमीन, संत्र्यांच्या बागा आणि कपाशीची शेते लागतात. वाटेत जाम नदीकाठचे जामसावळी आहे. तेथील मारुती उभा नाही, निजलेला आहे. शनिवारी-मंगळवारी दर्शनाला रीघ लागते. सौंसर हे पूर्वी नागपूर-छिंदवाडा ह्या अरुंद लोहमार्गावरचे स्थानक. ती छोटी गाडी २०१५ साली बंद झाली आणि तिच्या जागी रुंद मार्ग आला. जुन्या मंडळींना त्या गाडीची आठवण निघाली की थांबवावे लागते. सुताचे गठ्ठे आणि विणलेल्या साड्यांची बोचकी नागपूरला नेण्या-आणण्याची त्यांची सोय तीच होती.

ह्या भागातील विणकामाचे नाते नागपूरच्या कोष्टी परंपरेशी आहे. मध्यप्रदेशातील हातमागाच्या केंद्रांची यादी निघते तेव्हा चंदेरी, महेश्वर, वारासिवनी ह्यांच्या जोडीने सौंसरचेही नाव येते. परंतु चंदेरी-महेश्वरला जशी कीर्ती लाभली तशी सौंसरला लाभली नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १८७७ साली सुरू झाली, पुढे यंत्रमाग आले, आणि हातमागाचा बाजार आकसत गेला. आणखी एक विसंगती येथे डोळ्यांत भरते. दाराशी कपाशी पिकते, पण तिचा धागा दारातल्या मागावर येत नाही. कापूस जिनिंगला जातो, तेथून गिरण्यांना. आणि विणकराच्या घरी जे सूत येते ते कोठल्या तरी दूरच्या, पुष्कळदा तामिळनाडूतील गिरणीचे असते.

आम्ही ज्या घरांत गेलो त्यांची मांडणी साधारण सारखीच. ओसरी ओलांडून आत शिरले की पहिल्याच खोलीत माग. जमिनीत कमरेइतका खड्डा, त्याच्या काठावर बसून विणकर पाय आत सोडतो. पायांनी खालच्या पट्ट्या दाबायच्या, एका हाताने दोरीला झटका देऊन धोटा पळवायचा, दुसऱ्या हाताने फणी ठोकायची. खड्ड्यातल्या गारव्याने सूत मऊ राहते आणि उन्हाळ्यात कमी तुटते, असे घरच्यांनी सांगितले. पावसाळ्यात तोच खड्डा ओलावतो आणि काम अडते. मागाने एवढी जागा व्यापल्यावर उरलेल्या जागेत घर. भिंतीला मुलांची दप्तरे, कोपऱ्यात धान्याची कोठी, मागच्या पडवीत चूल आणि हल्ली गॅसची शेगडी. पाहुणा आला तर त्यालाही मागाच्या कडेनेच बसावे लागते. आम्हीही तसेच बसलो.

एक सुती साडी विणायची म्हणजे नेमके काय, ह्याचा हिशेब आम्ही तेथेच बसून मांडला. पन्हा ४५ इंच आणि इंचाला ६० तार धरले तर ताण्यात २,७०० तार होतात. वाया जाणारे धरून प्रत्येक तार सहा मीटर धरली तर नुसत्या ताण्याला सोळा किलोमीटर सूत लागते. आडवा बाणाही इंचाला ६० धरला तर साडेपाच मीटर साडीसाठी धोटा सुमारे १३,००० वेळा इकडून तिकडे जातो आणि त्यात आणखी पंधरा किलोमीटर सूत मुरते. मिनिटाला पन्नास वेळा धोटा पळाला तर तेरा हजारांना चार-साडेचार तास पुरेत. पण तसे सलग विणणे कोणाच्याच नशिबी नसते. तार तुटते, ती शोधून जोडावी लागते. काठाचे सूत बदलावे लागते. कागदावरची साडेचार तासांची साडी त्यामुळे घरात दोन दिवस घेते.

हा झाला मागावर बसलेल्याचा हिशेब. त्याच्या मागचा हिशेब त्याहून मोठा आहे. हातमागाला सूत येते ते लडीच्या रूपात. सुताची एक लड ८४० वारांची. वर सांगितलेल्या साडीच्या नुसत्या बाण्याला अशा एकोणीस-वीस लडी लागतात. त्या उकलून, रहाटावर घालून, धोट्यात बसणाऱ्या बारीक कांड्यांवर भरून द्याव्या लागतात. कांडी संपली की माग थांबतो. म्हणजे मागावर एक माणूस बसला की त्याच्या शेजारी रहाटावर दुसरे माणूस हवेच. नवा ताणा चढवायचा तर जुन्या ताण्याच्या टोकाला त्याचे २,७०० तार एकेक करून जोडायचे. त्याला सांधणी म्हणतात. ताण्याला खळ लावून पाजणी करायची ती पहाटे, ऊन चढायच्या आत. ही सारी कामे बायकांची, म्हाताऱ्यांची आणि शाळेतून परतलेल्या मुलांची. त्यांच्यासाठी वेगळी वेळ नेमलेली नसते. स्वयंपाक, पाणी, झाडलोट ह्यांच्या फटींतून ती करायची असतात.

एका घरी आम्ही सकाळपासून दुपारपर्यंत होतो. घरची बाई तिशी ओलांडलेली. पहाटे उठून पाणी भरले, स्वयंपाक केला, मुलांना शाळेला लावले आणि ती रहाटावर बसली. मागावर तिचे यजमान होते. अर्ध्या तासाने आतून हाक आली, “कांडी सरली व!” तिने भरलेली कांडी उचलून दिली, तेवढ्यातच चुलीवरची डाळ पाहिली आणि परत बसली. दुपारी यजमान बाजारात गेले तशी ती स्वतःच मागावर बसली, आणि रहाट सासूबाईंनी घेतला. सासूबाईंना डोळ्यांनी कमी दिसते, तरी तुटलेला धागा त्यांच्या बोटांना लगेच कळत होता.

हे सारे कसे जमते, असे आम्ही विचारले. त्यावर ती हसून म्हणाली, “जमवा लागते बाई. कारखान्यात गेली तर लेकरू तापलं म्हणून कोण घरी सोडते? इथं माग थांबवला का झालं.”

तिच्या ह्या बोलण्यात खरेपणा आहे. सौंसर तालुक्यातच बोरगावला रेमंड कंपनीचा सुटिंगचा मोठा कारखाना १९९१ पासून आहे. तेथे पाळ्या असतात, भोंगा असतो आणि महिन्याला ठरलेला पगार असतो. घरच्या मागाला भोंगा नाही. मूल रडले तर उठता येते, सणाला दोन दिवस माग झाकून ठेवता येतो, आजारी सासऱ्यांना वेळेवर औषध देता येते. घर आणि काम ह्यांचा मेळ घालण्याची अशी मोकळीक आजच्या शहरातील नोकरी करणाऱ्या किती गृहिणींना आहे?

पण ह्या मोकळिकीची किंमत कोण भरतो, हेही पाहायला हवे. मजुरी मिळते ती नगावर. साडी झाली तर पैसे, नाही झाली तर नाही. मूल तापले म्हणून थांबवलेल्या मागाचे दोन तास कोणीही भरून देत नाही. ते रात्री दिव्याखाली भरून काढावे लागतात. शिवाय त्या एका नगाची मजुरी एका नावाने मांडली जाते. रहाटावरचे हात, सांधणीची बोटे, पहाटेची पाजणी, सारे त्याच रकमेत धरलेले असते. खरे सांगायचे तर धरलेलेच नसते. केंद्र सरकारच्या २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात सुमारे ३५ लाख कामगार मोजले गेले. त्यांत सात दशांशांहून अधिक स्त्रिया आहेत, आणि विणणाऱ्यांखेरीज पूरक कामे करणारे आठ लाखांवर लोक वेगळे नोंदले आहेत. गणनेच्या कागदावर तरी त्यांना रकाना मिळाला. व्यापाऱ्याच्या वहीत अजून मिळालेला नाही.

आपल्या ह्या बाईंनाही आम्ही तेच विचारले. रहाटाचे तुम्हाला वेगळे किती मिळते? प्रश्नच त्यांना नीटसा कळला नाही. “ते त घरचंच काम हाय न,” त्या म्हणाल्या. त्यांची थोरली मुलगी दहावीत आहे. तिला कांड्या उत्तम भरता येतात. पण मागावर बसायचे तिच्या मनात नाही, आणि आईच्याही मनात नाही. “तिनं शिकावं” एवढेच त्या म्हणाल्या. ज्या कामाची मोकळीक त्यांनी थोड्याच वेळापूर्वी कौतुकाने सांगितली होती, ते मुलीच्या वाट्याला येऊ नये असे त्यांना वाटते. ह्या दोन्ही गोष्टी एकाच तोंडून आल्या आणि दोन्ही खऱ्या होत्या.

ह्यावर काही तोड निघते का? नर्मदेकाठी महेश्वरला एक निघालेली आहे. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात तेथे विणकर वसवले. पुढे तो व्यवसाय मोडकळीला आला, तेव्हा १९७० च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकर ह्यांनी रेहवा ही संस्था काढली. तेथे माग घरातून उचलून एका वास्तूत आणले, विणकामाला स्त्रिया बसवल्या आणि विणकरांच्या मुलांसाठी शाळा चालवली. बाई कामावर येते ती काम करायला, आणि तिचे मूल जवळच शिकत असते. घर घराच्या जागी राहते आणि तिची मजुरी तिच्या नावाने मोजली जाते. अर्थात महेश्वरी साडीला देशोदेशीचे गिऱ्हाईक आहे. सौंसरच्या साध्या सुती साडीला तेवढे नाही. तरीही शाळा, पाळणाघर आणि कांडी भरण्याची स्वतंत्र मजुरी ह्या तीन गोष्टींना कीर्तीची आवश्यकता नाही. त्यांना हवी ती चार घरांची एकजूट आणि थोडे भांडवल.

काही वाचक म्हणतील, घरातला माग घरातच बरा. सारे कुटुंब मिळून काम करते ह्यातच त्याची शोभा आहे. आम्हालाही ते दृश्य सुंदर वाटले, हे नाकारत नाही. आजी रहाटावर, बाप मागावर, मुलगा अभ्यासाचे पुस्तक मांडीवर घेऊन लड उकलतो आहे, असे घर शहरात शोधून सापडणार नाही. परंतु पाहुण्याला जे सुंदर दिसते ते घरच्यांना परवडलेही पाहिजे. नाहीतर ती मुलगी दहावीनंतर निघून जाईल, आजीचे हात थकतील, आणि कांडी भरायला कोणी न उरल्याने एक दिवस माग आपोआप उभा राहील. विणकर नसल्यामुळे बंद पडलेल्या मागांची चर्चा होते; रहाटावर बसायला माणूस नाही म्हणून बंद पडलेल्यांची होत नाही. आम्हाला तेथे अशी दोन घरे दाखवण्यात आली. एकात मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकून पलंग ठेवला होता.

परप्रांतातील आपल्या मराठी घरांतून हातमागाची साडी आजही हौसेने घेतली जाते. लग्नकार्यात, मंगळागौरीत ती मुद्दाम नेसली जाते. २००६ पासून खऱ्या हातमागाच्या मालावर हातमागाची मुद्रा असते, ती पाहून घेण्याची सवय पुष्कळ भगिनींना लागली आहे. ती चांगलीच आहे. तिच्या जोडीला दुकानदाराला आणखी एक प्रश्न विचारावा असे आम्ही सुचवू : ह्या साडीच्या कांड्या कोणी भरल्या, आणि त्यांना त्याचे काय मिळाले? उत्तर बहुधा मिळणार नाही. पण दहा ठिकाणी हा प्रश्न निघाला तर कोणाला तरी त्याचे उत्तर शोधावे लागेल. आणि पांढुर्ण्याकडून नागपूरला जाण्याचा योग आला, तर वाट थोडी वाकडी करून सौंसरला अवश्य उतरावे. साडी तेथेच घ्यावी, भाव करताना हात आखडावा, आणि पैसे देताना रहाटाजवळ बसलेल्या माउलीकडेही एकदा पाहावे.