वाण्याच्या काट्यावरचा माईक

आमच्या भागात ऑक्टापॅडचा भाव पंचांगावर चालतो. आषाढ लागला की बेंजो पार्ट्यांची पोरं जागी होतात, रोलँडचा एसपीडी-२० कुणी काढतंय का म्हणून फोन सुरू होतात, आणि दहीहंडीपासून घटस्थापनेपर्यंत विकणारा बोलेल तो भाव. दसरा उलटला की तोच पॅड, तेच रबर, पण किंमत उतरलेली. गेल्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत बाजारात आलेलं हे यंत्र अजून मागतात, कारण ते पडतं, भिजतं, टेम्पोत उघड्यावर बसून खोपोलीहून पेणला जातं आणि उतरवलं की वाजतं. सामान कसं निवडावं हे मला कोणी विचारलं तर मी आधी ऑक्टापॅडवाल्यांकडे बोट दाखवतो. त्या पोरांना आपलं काम काय आणि ते कुठे होणार, हे पक्कं माहीत असतं. घरात रेकॉर्डिंग करणाऱ्यांना बहुधा ते माहीत नसतं.

कर्जतपासून जवळच्या गावात माझं कौलारू घर आहे. त्याच्या मागच्या खोलीत मी भजनी मंडळं, बाल्या नाचाची गाणी, क्वचित हळदीची गाणी रेकॉर्ड करतो आणि जोडीला जुन्या सामानाची देवघेव. या खोलीला स्टुडिओ म्हणायची सोय नाही. इथे ‘स्टुडिओ’ म्हटलं की लोकांना चौक रस्त्यावरचा एन. डी. स्टुडिओ आठवतो आणि पुढचा प्रश्न येतो, “मग किल्ला कुठाय?”

देवघेवीला मात्र आमची जागा फार मोक्याची. पुण्याचा विकणारा आणि मुंबईचा घेणारा यांनी अर्ध्या वाटेवर भेटायचं म्हटलं, तर ती अर्धी वाट खालापूर तालुक्यात पडते. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आणि आमची पोरं सगळी दुचाकीवरची, त्यामुळे फूड मॉलचा उपयोग नाही. सौदे होतात ते जुन्या रस्त्यावर, खोपोलीच्या शिळफाट्याला. चहाच्या टपरीवर लॅपटॉप उघडायचा, साऊंडकार्डाची पेटी जोडायची, हेडफोन लावायचे. टपरीवाल्याला आता सवय झाली आहे. तो न सांगता पंख्याचा प्लग काढून आम्हाला सॉकेट देतो.

तिथे एकदा एक पोरगा शुअरचा एसएम-५८ घेऊन आला. “दादा, एकदम मिंट कंडिशन. बिल हरवलंय.” या माईकच्या नकला इतक्या निघाल्या आहेत, की बिल हरवलेल्या अठ्ठावन्नाकडे मी आधी संशयानेच बघतो. डबा हुबेहूब, जाळी हुबेहूब, शिक्केसुद्धा बरोबर. शेजारच्या किराणा दुकानात गेलो आणि वाण्याला म्हटलं, “जरा काटा द्या, शेठ.” खऱ्याचं वजन २९८ ग्रॅम. हा अडीचशेच्या आतच थांबला. वजन जुळलं म्हणजे माईक खरा असं नाही, कारण नक्कल करणारेही आता आत वजन भरतात. पण इतकं कमी भरलं तर पुढे बघायची गरज नाही. तरी मी जाळी काढली आणि दांडा फिरवून उघडला. आतल्या तारा, डाग दिल्याची तऱ्हा, सगळं पोराला दाखवलं. तो गप्प झाला. त्यालाही कुणीतरी तो खरा म्हणूनच विकला होता. मी तो घेतला नाही. वाणी मात्र विचारत राहिला, “अहो, हे किलोवर विकतात काय?”

साऊंडकार्डाची, म्हणजे इंटरफेसची परीक्षा वेगळी. काहीही न जोडता गेन पूर्ण चढवायचा आणि हेडफोनमध्ये ऐकायचं. सरसर सगळ्यांतच असते, पण ती दोन्ही चॅनेलवर सारखी हवी. मग प्रत्येक बटण सावकाश फिरवायचं. खरखर आली तर आत धूळ किंवा ओल आहे. यूएसबीची पिन हलकेच हलवायची, कारण बाकी सगळं ठणठणीत असून पेटी मरते ती बहुतेक याच भोकापाशी. अठ्ठेचाळीस व्होल्टचं बटण दाबून कंडेन्सर माईक बोलतोय का पाहायचं. आणि जुनी फायरवायरची पेटी असेल तर कितीही स्वस्त मिळो, नमस्कार करायचा. ती लावायला लॅपटॉपवर भोकच उरलेलं नाही.

या बाजारात सर्वांत जास्त काय येतं? दोन माईकच्या पेट्या आणि कंडेन्सर माईक, दोन्ही जोडीने, जेमतेम वापरलेले. कारण उघड आहे. इंटरनेटवर सल्ला देणारा माणूस बंद खोलीत एकटा गिटार घेऊन बसलेला असतो. त्याचं सामान त्याच्यासाठी अगदी बरोबर. आमचा पोरगा ते बघून तेच मागवतो आणि पहिल्याच पावसात त्याच्या लक्षात येतं, की या माईकला पत्र्यावरचा पाऊस, शेजारचा मिक्सर, ओढ्यातले बेडूक आणि शेवटी जमलं तर आपला आवाज, असं सगळं ऐकू येतं. मग “माईक खराब आहे” म्हणून तो विकायला काढतो.

माईक खराब नसतो. कंडेन्सर खोली जास्त ऐकतो असं जे म्हणतात, तेही अर्धंच खरं आहे. खोली ऐकू येते ती अंतरामुळे. तोंड आणि माईक यांतलं अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. खोलीची गाज मात्र आहे तिथेच राहते. कंडेन्सरसमोर लोक हातभर लांब उभे राहतात, कारण व्हिडिओत तसं दिसतं. डायनॅमिक माईक मुळात कमी बोलका, त्याला तोंड लावावंच लागतं आणि जवळ गेलं की पाऊस आपोआप मागे हटतो. शिवाय ओलीचा प्रश्न आहेच. कंडेन्सरच्या आतला पडदा काही मायक्रोन जाडीचा, मागच्या पट्टीपासून केसाएवढ्या अंतरावर ताणलेला. तिथे दमट हवा बसली की विजेचा भार झिरपतो आणि हेडफोनमध्ये फुटाणे फुटल्यासारखे आवाज येतात. माथेरानच्या पायथ्याला चार महिने जी हवा असते, तिच्यात हे व्हायला पाच-सहा रात्री पुरतात. मी माझा एकुलता कंडेन्सर घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांत ठेवतो आणि तो दिवाळीनंतर बाहेर निघतो. पावसाळ्यात काम एसएम-५७ वर. १९६५ पासून तो जवळपास तसाच बनतो आहे, आणि आमच्या भजनाला त्याच्यापेक्षा जास्त काही लागतं असं मला अजून तरी वाटलेलं नाही.

भजनाचं म्हणाल तर मंडळ सुटं सुटं रेकॉर्ड होत नाही. मी करून पाहिलेलं आहे. बुवांच्या कानावर हेडफोन चढवला की ते एकटे पडतात, आणि क्लिक लावावी तर गजरात लय चढणार ती त्या क्लिकला जुमानत नाही. चढायलाच हवी, गजर असतो कशासाठी? सगळे एकत्र, गोल बसून, एकमेकांची तोंडं बघत गायले तरच ते भजन. म्हणजे एकाच वेळी निदान चार माईक: एक बुवांना, एक बाजाच्या पेटीला, दोन पखवाजाला. कोरस आणि झांजा कुठूनही आत शिरतातच, त्यांना निमंत्रण लागत नाही. उलट झांज माईकपासून लांब कशी बसवायची हीच खरी कसरत, कारण झांजवाला सगळ्यांत उत्साही असतो. म्हणून मी चार माईकची साऊंडकार्डाची पेटी शोधतो, आणि इथे नावं फसवतात. स्कार्लेटच्या ४आय४ मध्ये चार इनपुट खरे, पण माईकचे त्यातले दोनच. चार माईक हवे असतील तर १८आय८ बघावा लागतो. आकडा दारावर लिहिलेला असतो, दार उघडून बघायचं कुणाला सुचत नाही. अशी चार माईकची जुनी पेटी महिनोन्महिने येत नाही, आली तर सौद्यात घासाघीस मी करत नाही.

पखवाजाला दोन माईक का, हेही सांगतो. शाईच्या बाजूचा टणक नाद आणि धुमाच्या बाजूचा घुमारा यांची एका माईकमधून समजूत पटत नाही. धुमावर कणीक थापलेली असते. पंखा लावला तर रेकॉर्डिंगमध्ये येतो, म्हणून बंद; मग घामाने सगळे न्हातात, आणि तरी कणीक हळूहळू सुकतेच. सुकली की स्वर चढतो. दुसऱ्या अभंगाच्या शेवटी मला हेडफोनमध्ये ते कळतं, पण पखवाजवाल्याला माझ्याआधी बोटांनी कळलेलं असतं. तो पाण्यात बोट बुडवून कणकेवर फिरवतो, एकदा थाप मारतो, मान हलवतो. हे सगळं सुधारून देतो म्हणणारं एक सॉफ्टवेअर मला एकाने विकायला आणलं होतं. मी त्याला वाटीभर पाणी दाखवलं.

खोलीबद्दल थोडक्यात. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावून काही होत नाही. शंभर हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेतीन मीटर, तिला अडवायला पाव लांबीची, म्हणजे जवळजवळ दोन हात जाडीची गादी लागते. ट्रे जाड असून असून किती? माझ्या खोलीत कोपऱ्यांत पेंढ्याच्या थप्प्या आहेत, भिंतींवर गोधड्या, आणि एका बाजूला भाताची पोती. वाण आमच्याच कर्जतच्या भात संशोधन केंद्रातलं, कर्जत-३. पोती खपत गेली की खोलीचा आवाज बदलतो, त्यामुळे माघातली आणि आषाढातली माझी रेकॉर्डिंग मी डोळे मिटून ओळखतो.

रेल्वेशी तडजोड केलेली आहे. बोरघाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात, त्यांचे भोंगे आणि निघतानाचा हुंकार आमच्यापर्यंत येतो. हुंकार ऐंशी हर्ट्झच्या खालचा, तो फिल्टरने कापता येतो. भोंगा कापता येत नाही. मग भजन थांबतं, चहा येतो. वीज हा त्याहून मोठा ताप. खेड्यातल्या घरांना अर्थिंग बहुधा नावापुरतं, आणि लॅपटॉप चार्जरवर असला की पन्नास हर्ट्झची घुं सगळ्या गाण्याखाली बसते. लोक त्यासाठी महागडी केबल घेतात. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला की बहुतेक वेळा ती घुं जाते, फुकटात. म्हणून जुना लॅपटॉप घेताना मी प्रोसेसरच्या आधी बॅटरी बघतो.

आता सॉफ्टवेअर. जुना लॅपटॉप विकणारा प्रत्येक पोरगा म्हणतो, “सगळं टाकून देतो दादा, क्यूबेस, एफएल, पाहिजे ते.” म्हणजे क्रॅक. चोरी तर ती आहेच, पण धंद्याच्या हिशेबानेही ती वाईट: विंडोज एकदा अपडेट झालं की मंडळाचं अर्धं काम आत आणि आपण बाहेर. पूर्वी क्यूबेसचा परवाना पेनड्राइव्हसारख्या किल्लीत असायचा. ती किल्ली हातात धरून विकता यायची, टपरीवर मोजून देता यायची. २०२२ साली क्यूबेस १२ आला आणि किल्लीची गरज संपली. सोय झाली, पण वस्तू गेली. आता परवाना कुणाच्या तरी ईमेलला बांधलेला. काही कंपन्या तो दुसऱ्याच्या नावावर करून देतात, काही देत नाहीत, आणि विकणाऱ्याला ते माहीत नसतं. कंपनीचंही काही खरं नसतं. केकवॉकचं काम गिब्सनने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंद केलं, पुढच्या वर्षी बँडलॅबने तेच फुकट देऊ केलं. आदल्या वर्षी पैसे भरलेल्यांनी हात चोळले. मी रीपर वापरतो. साठ दिवस वापरून बघा म्हणतात आणि घरगुती परवाना साठ डॉलरला देतात. चार जुन्या ऑक्टापॅडच्या स्टँडइतकी किंमत, आणि दहा वर्षांच्या लॅपटॉपवर धावतं.

मंडळाला मी सॉफ्टवेअरची फाइल देत नाही, प्रत्येक माईकची सुटी वेव्ह फाइल देतो, दोन पेनड्राइव्हवर. याचं कारण घाटापलीकडे आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतल्याही गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या, आणि नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या कितीतरी डॅट टेपवर घेतल्या. डॅटची यंत्रं बनवणं सोनीने २००५ मध्ये थांबवलं. त्या टेपांमधलं वेळेवर संगणकात उतरलं, म्हणून २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या बाया ऐकू येतात. नाहीतर आज एखादं चालू डॅट यंत्र शोधत माझ्यासारख्या कुणाकडे कुणीतरी आलं असतं, आणि माझ्याकडे ते नाही.

परवा खालापूरकडचे एक बुवा आले. मंडळानं वर्गणी काढली होती, स्वतःचं सामान घ्यायचं म्हणत होते. म्हणाले, “तुमच्याकडं येयाला गाडीभाडं जातं, परत पखवाज हलवावा लागतो.” मी कागदावर मांडून दिलं: चार डायनॅमिक माईक, चार माईकची जुनी पेटी आली तर, केबली नव्या, बॅटरी धरणारा लॅपटॉप. बुवांनी बेरीज दोनदा केली.

“यातलं पयलं काय घिऊ?”

“पखवाज किती जुना?”

“पुडी बदलून लय वर्सं झाली. शाई उडालीय थोडी.”

ती शाई मी मागच्या रेकॉर्डिंगला ऐकली होती, पण बोललो नव्हतो. आता बोललो. बुवा जरा वेळ कागदाकडे बघत राहिले, मग त्यांनी तो घडी घालून खिशात टाकला आणि पखवाजवाल्याला फोन लावला. पुड्या श्रावणाआधी चढतील. माईक ते दिवाळीनंतर घेणार, भाव उतरले की. नेरळच्या एका पोराकडे एक एसएम-५७ मी बघून ठेवलाय, बिलासकट. त्याला सांगितलंय, एवढ्यात काढू नकोस, गणपतीत तुला जास्त देणारा भेटेल, पण तो घेणारा नवरात्रात माईक परत आणून देईल.