टाचणीचा गिअर



दशलक्षणात यंदा मी काहीच लिहिलं नाही, म्हणून दोघी-तिघींनी फोन करून विचारपूस केली. तब्येत ठीक आहे. आमच्या घरात एक मोटार बांधायला घेतली होती. हसू नका. मोटार वीतभर लांबीची, पण तिनं तान्ह्या पोळ्यापासून अनंत चतुर्दशीपर्यंत जेवणाच्या टेबलावर मुक्काम ठोकला आणि आम्ही तिघं तेवढे दिवस खाली पाट मांडून जेवलो.

मुलगा-सून पुण्याला नोकरीत, नातू शाळेसाठी इथे वाडीला आमच्याजवळ. यंदा नववीत. माझ्या भाच्यानं अमेरिकेहून येताना त्याच्यासाठी मोटारीचं एक किट आणलं होतं. प्लॅस्टिकचे सुटे भाग, ते कापून, घासून, रंगवून जोडायचे. जुनी शेवरले गाडी, पण ड्रॅग रेसची. मला वाटलं होतं, शर्यत म्हणजे गोल गोल फिरणं. ही तशी नाही. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात आणि सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सुसाट जातात. वळण नाही, काही नाही. आपल्याकडे लोणावळ्याच्या बाजूला अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत, असं त्यानंच सांगितलं. मी म्हटलं, आपल्या अमरावती रोडवर ट्रकवाले रोजच करतात.

किटमध्ये गाडीचा आतला भाग म्हणजे एक उथळ टब होता. सीट त्यातच ओतलेली, पट्टे नाहीत, मीटरच्या जागी नुसते फुगवटे. पोट्ट्याला ते पसंत पडेना. "आजी, हे खोटं दिसतं. आतलं सगळं मी स्वतः बनवणार." मी विचारलं, छप्पर बसवल्यावर ते दिसणार कुणाला? त्यानं उत्तर दिलं नाही. हल्ली तो तसाही कमीच बोलतो.

आता यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. हे हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. केसाच्या जाडीएवढी चूकही यांना चालायची नाही. मुलगा लहान असताना यांनी त्याला तान्ह्या पोळ्यासाठी सागवानी नंदी करून दिला होता. चाकं, घुंगरं, शिंगांना पितळी टोपणं. गल्लीत तसा नंदी कुणाकडे नव्हता. तीन वर्षांपासून यांचे हात थरथरतात. औषधं चालू आहेत, फरक थोडाच. दोन वर्षांपूर्वी पर्वात अभिषेक करताना यांच्या हातून कलश हिंदकळला आणि शेजारी उभ्या असलेल्यांच्या अंगावर पाणी उडालं. कुणी रागावलं नाही. पण त्या दिवसापासून यांनी अभिषेकाला हात लावला नाही. मंदिरात जायचे, मागच्या भिंतीला टेकून बसायचे आणि यायचे. घरीही अवजारांची पेटी पलंगाखाली सरकवून ठेवली ती ठेवलीच.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नातवानं ती पेटी विचारल्याशिवाय उघडली आणि यांचा व्हर्नियर काढला. हे इतके ओरडले की शेजारच्या काकू दारात आल्या. "त्याला हात लावायचा नाही!" पोट्ट्यानं व्हर्नियर ठेवून दिला आणि शाळेतली पट्टी घेऊन बसला. दिवसभर घरात कुणी कुणाशी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी हे टेबलापाशी जाऊन उभे राहिले, बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "पट्टीनं नाही होत ते." आणि पेटी स्वतः ओढून आणली.

माझा प्रवेश हिशेबामुळे झाला. बी.कॉम.चा उपयोग कधी कुठे होईल सांगता येत नाही. ही मोटार खऱ्याच्या एकास पंचवीस. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, भागिले पंचवीस, की उरतो १.०१६. म्हणजे खऱ्या गाडीतला एक इंच आपल्याकडे जवळजवळ एक मिलिमीटर. पुढे सगळं सोपं. सीटचा पट्टा तीन इंच रुंद, आपला तीन मिलिमीटर. इंजिनाचे फेरे दाखवणारं मोठं मीटर पाच इंचाचं, आपलं पाच मिलिमीटरचं. पाव मैलाची शर्यत सोळा मीटरची, म्हणजे आमच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या पायरीपर्यंत.

चालकाच्या भोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा असतो. गाडी उलटली तर छप्पर दबू नये म्हणून. ती नळी एक पूर्णांक पाच अष्टमांश इंचाची. मी हिशेब केला, १.६५ मिलिमीटर. हे तिकडून लगेच म्हणाले, "सोळा गेजची तार." व्हर्नियर लावून पाहिलं, १.६२. मैत्रिणींनो, कितीतरी दिवसांनी यांच्या चेहऱ्यावर मी तो भाव पाहिला. मोटार वाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची तार आणली, तिच्यावरचा लाखेसारखा थर पातीनं खरवडून काढला. तार हातानं वाकवली की कोपरा चेपतो आणि दोन बाजू सारख्या येत नाहीत. यांनी फळीवर आकृती काढायला लावली, वळणावर बिनडोक्याचे खिळे ठोकायला लावले आणि तार त्या खिळ्यांभोवती फिरवायला सांगितली. पहिल्या चार कमानी वाया गेल्या. पाचवी बसली. "मनगट टेकव. हवेत हात ठेवून कुणाचंच काम सरळ होत नाही," हे त्याला सांगत होते, आणि यांचे स्वतःचे हात मांडीखाली दाबलेले.

आता आपल्या घरातले प्रश्न. पहिला ब्रशचा. बर्डीवरून त्यानं बारीक ब्रश आणला, त्यावर 'सेबल' लिहिलेलं. मी चश्मा लावून वाचलं आणि चौकशी केली. मुंगसाएवढ्या एका प्राण्याच्या शेपटीचे केस असतात ते. आणि आपल्याकडे तर खुद्द मुंगसाच्या केसांचे ब्रश चोरून विकले जातात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो व्यापार गुन्हा आहे, तरी होतो. मुलांच्या चित्रकलेच्या सामानात एकदा बघा, मी सांगते. तो ब्रश परत केला, नायलॉनचा आणला. पोट्टा कुरकुरला, की नायलॉनला टोक राहत नाही. राहत नाही हे खरं आहे. दोन वेळा जास्त हात मारावा लागतो, एवढंच. चिकटवायला सुतारांचा जुना सरस मी घरात येऊ दिला नसताच, तो हाडाकातड्याचा. पण आताचे गोंद रासायनिक, आणि सोल्डरिंगला लागणारी राळ चिडाच्या झाडाची. ते चाललं.

दुसरा नियम मी घातला की सूर्यास्तानंतर ज्योत पेटवायची नाही. किटच्या चौकटीच्या प्लॅस्टिकच्या काड्या मेणबत्तीवर धरून ताणल्या की दोऱ्यासारखी बारीक तार निघते, ती त्याला इंधनाच्या नळीसाठी हवी होती. भाद्रपदात दिव्यावर किती पाखरं येतात, तुम्हाला माहीत आहे. तो म्हणाला, दिवसा शाळा असते. मी म्हटलं, रविवार असतो. रविवारी केलं.

बाकी सामान घरातलंच. खऱ्या गाडीत दारांच्या आतून ॲल्युमिनियमचे पत्रे असतात. आमच्याकडे यांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं ढिगानं. मागची चंदेरी फॉइल सोलायची, छापील बाजू आत करून चिकटवायची, आइस्क्रीमच्या काडीनं घासायची आणि शाई संपलेल्या रिफिलनं पत्र्याच्या घड्या उमटवायच्या. अगदी पत्रा. अग्निशामक नळकांडं रिफिलच्या तुकड्याचं. माझ्या फॉल-बीडिंगच्या डब्यात तीन मिलिमीटरची साटीन रिबन होती, तिचे पाच पट्टे: दोन खांद्यांचे, दोन कमरेचे, एक पायांमधून. साटीन फार चमकते, म्हणून खडूची पूड चोळली. त्या पट्ट्यांनाही मुदत असते म्हणे, अमेरिकेत नियमानं दर दोन वर्षांनी बदलतात, तुटले नसले तरी. मीटरच्या तबकड्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतल्या, वर काच म्हणून रंगहीन नेलपॉलिशचा थेंब. आणि गिअरचा दांडा म्हणजे काचेच्या डोक्याची टाचणी. ती एकदा पडली. अर्धा तास तिघं गुडघ्यांवर.

सीटसाठी मी आधीच विचारलं होतं, चामडं दाखवायचंय का? तो म्हणाला, या गाडीत चामडं नसतंच, ॲल्युमिनियमची सीट. गालिचा काढलेला, मागची सीट काढलेली, रेडिओ काढलेला. जे जे वजन, ते ते बाहेर. उत्तम आकिंचन्याच्या दिवशी मी हे मंडळात सांगितलं तेव्हा सगळ्या हसल्या. एक जण म्हणाली, वेगासाठी सोडलं तर त्याला त्याग म्हणतात का? मला उत्तर आलं नाही.

पिंजऱ्याखाली, गिअरबॉक्सवर एक कवच बसवायचं होतं. ते कशाला, असं यांनी विचारल्यावर नातवानं एक खरी गोष्ट सांगितली. डॉन गार्लिट्स नावाचा नामांकित ड्रॅग रेसर. तेव्हाच्या लांबुळक्या गाड्यांत इंजिन चालकाच्या पुढ्यात आणि गिअरबॉक्स त्याच्या दोन पायांच्या मध्ये असायचा. ८ मार्च १९७० ला कॅलिफोर्नियात शर्यत सुरू होताच तो फुटला आणि गार्लिट्सच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला.

"मग सोडलं त्यानं?" यांनी विचारलं.

"नाही आजोबा. दुसरी गाडी बनवली, इंजिन मागे ठेवून. पुढच्या वर्षी तीच घेऊन जिंकला. नंतर सगळेच तशा बनवायला लागले."

हे काही बोलले नाहीत. रात्री मात्र अंथरुणावर पडल्यावर मला म्हणाले, "गाडी बदलली त्यानं." मी हूं म्हटलं.

अनंत चतुर्दशीला सकाळी यांनी धोतर-दुपट्टा मागितला. मी विचारलं नाही कशाला. नातू बरोबर गेला. मी बायकांच्या बाजूला उभी होते, नीट दिसत नव्हतं. मोठा कलश नाही, लहान घेतला होता. यांनी दोन्ही कोपरं अंगाला टेकवली होती आणि पोट्ट्याचा तळवा कलशाच्या बुडाखाली होता. थोडं पाणी सांडलं. त्याच्याच मनगटावरून गेलं.

क्षमावाणीच्या दिवशी यांनी नातवाला समोर बसवून उत्तम क्षमा मागितली, त्या व्हर्नियरच्या ओरडण्याबद्दल. तो खाली बघत म्हणाला, "आजोबा, मागच्या आठवड्यात तो माझ्या हातून पडला होता. मी सांगितलं नाही." हे उठले, व्हर्नियर आणला, जबडे मिटून उजेडाकडे धरायला त्यालाच दिला. फट दिसत नव्हती. "ठीक आहे," म्हणाले.

टेबल आता रिकामं झालंय. मोटार शोकेसमध्ये, सागवानी नंदीच्या शेजारी. छप्पर अजून चिकटवलेलं नाही, हेच चिकटवू देत नाहीत. कुणी आलं की स्वतः उचलून आतलं दाखवतात. परत ठेवताना ते दोन-तीनदा खडखडतं, मग बसतं.